दार असलेली सुई

आंग मो किओ, सिंगापूर
४ जून २०२५

प्रिय मावशी,
सप्रेम जय भीम.

फोनवर माझा आवाज तुझ्या कानाच्या मशीनमध्ये डब्यात खडे हलवल्यासारखा येतो असं तू म्हणालीस, तेव्हापासून आपलं हे ई-मेलचं बरं चाललं आहे. तू टाइप करायला शिकलीस हे माझं ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं.

आज जरा वेगळं काम आहे. मला क्रोशाबद्दल विचारायचं आहे. हसू नकोस. सातवीत तू मला रुमालाची कड विणायला दिली होतीस, ती तीन बाजूंवर थांबली आणि चौथी तू पूर्ण केलीस, हे मला आठवतं. आता खरंच शिकायचं आहे.

इथल्या दुकानातून क्रोशाची सुई आणली. काम असं आहे: एक बारीक, घट्ट घातलेली वेणी आहे. तिच्या खालून सुई घालायची, पलीकडे कृत्रिम केसांची बट मधोमध दुमडून आकड्यात अडकवायची, ती ओढून अलीकडे आणायची आणि तिच्याच फासातून दोन्ही टोकं काढून गाठ बसवायची. सुई जाते. परत येताना मात्र आकडा वेणीतल्याच केसांना धरतो आणि सगळं विस्कटतं. चूक सुईची आहे की हाताची? ऑफिसच्या कार्यक्रमासाठी एक विग करायचा आहे, म्हणून घाई आहे.

तुझ्या जावयाचा, प्रबोधचा, नमस्कार.

तुझी
सरिता


चंद्रपूर
५ जून

प्रिय सरिता,
जय भीम.

चूक दोघांची, पण आधी सुईची. तुझ्या सुईचा आकडा उघडा आहे. उघडा आकडा जाताना-येताना दिसेल ते धरणारच. तुला दार असलेली सुई हवी.

आपल्या शाळेत स्वेटर विणायचं हातमशीन होतं ते आठवतं का? त्याच्या प्रत्येक सुईच्या टोकाशी एक चिमुकलं पातं असतं, पुढेमागे हलणारं. सुई आत ढकलताना पातं मागे पडलेलं असतं आणि आकडा उघडा. दोरा आकड्यात बसला की पातं त्याच्यावर लावून घ्यायचं. मग सुई मागे ओढली तरी ती आणखी कशालाही धरत नाही. आत फक्त तुझा दोरा. सुरुवातीला पातं बोटाने बंद करत जा, पुढे हाताला सवय होते. गालिचे विणणारेही अशीच सुई वापरतात, दुकानात तीच जरा मोठी माग.

आता माझा प्रश्न. एकतीस वर्षं मी मुलींना शिवण-विणकाम शिकवलं. नाटकांचे विगही केले. विगला खाली जाळी असते, केस जाळीत ओवतात. वेणीच्या खालून कोणी ओवत नाही. तुझी ही घट्ट वेणी ज्या डोक्यावर आहे, ते डोकं जिवंत आहे ना?

लहानपणीही तुला धड थाप मारता यायची नाही.

यशोधरामावशी


आंग मो किओ
९ जून

प्रिय मावशी,

डोकं जिवंत आहे. अमानीचं आहे.

हे नाव वाचून तू टॅब बाजूला ठेवशील याची मला भीती होती, म्हणून विग म्हटलं. वांजिरूवहिनीच्या आईचं नैरोबीत खुब्याचं ऑपरेशन झालं, वहिनी दोन महिन्यांसाठी तिकडे गेली आहे. प्रीतमदादाची लॅब तुला माहीत आहे, बुओना व्हिस्टात घराजवळच असली तरी घरी यायची त्याची वेळ ठरलेली नसते. म्हणून अमानी माझ्याकडे आहे. नऊ वर्षांची झाली. तू पाहिलीस तेव्हा तीन वर्षांची होती.

तेव्हा काय झालं ते मी नव्याने सांगायला नको. दादा-वहिनी एक दिवसासाठी नागपूरला दीक्षाभूमीवर गेले, उवा झाल्या म्हणून तू न्हाव्याला घरी बोलावून पोरीचा चकोट केलास, आणि संध्याकाळी परत आल्यावर वहिनी तिला कडेवर घेऊन दाराबाहेर उभी राहिली ती पुन्हा आत आली नाही. सहा वर्षं होत आली. आईमागे तू आम्हा दोघांना वाढवलंस, आणि दादाची मुलगी तुला ओळखत नाही, हे मला सहन होत नाही. मला तुम्हाला एकत्र बघायचं आहे, हे आधीच सांगून टाकते. पण वहिनी म्हणते, त्या घरात मुलीच्या केसांना पुन्हा हात लागणार नाही. तुला विचारते आहे हे तिला माहीत नाही.

अमानीलाही ते आठवतं. मानेवर गार पाणी आणि एका काकांचा अंगठा, असं ती सांगते. ममाशिवाय कोणाला डोक्याला हात लावू देत नाही. मला परवानगी मिळाली, पण अटींवर: दर वेळी आधी विचारायचं, नको म्हटलं की थांबायचं, आणि कात्री समोर दिसता कामा नये.

केस म्हणशील तर मी मोजले. तुला हसू येईल, पण आम्हा इंजिनिअर लोकांना मोजल्याशिवाय चैन पडत नाही. एक केस ताणून बावीस सेंटिमीटर, सोडला की सात. असे केस रोज विंचरले तर तुटतात. म्हणून डोक्यालगत बारीक वेण्या घालून ते झाकून ठेवायचे आणि त्या वेण्यांमध्ये वरून दुसरे केस ओवायचे. मग पाच-सहा आठवडे आतल्या केसांना कोणी छळत नाही. पोहायला जाणाऱ्या मुलीला तर हे हवंच. वहिनी हे दर सुट्टीत करते. तिने मला लिहून दिलं आहे, पण जे तिच्या हाताला येतं ते लिहायचं तिला सुचलेलं नाही.

आधी एका वेणीवर करून पाहिलं होतं, शनिवारी सगळ्या वेण्या घातल्या. आपल्या पद्धतीने, घट्ट. तू आमच्या वेण्या घालायचीस तेव्हा भुवया वर जायच्या ना, तशा. मला वाटलं, घट्ट म्हणजे नीट. रविवारी अमानीचं डोकं दुखायला लागलं आणि कपाळाच्या कडेने बारीक पुटकुळ्या आल्या. सगळं सोडवावं लागलं. ती रडली नाही, फक्त तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आत्या, यू नेव्हर आस्क इफ पेन."

उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस, मी समजेन.

सरिता


चंद्रपूर
१७ जून

सरिता,

आठ दिवस उत्तर दिलं नाही कारण मी उशी तयार करत होते.

जुन्या लोडाला काळी लोकर ओवली, दाट, आणि त्यावर वेण्या घालून बघितल्या. तू पाठवलेल्या फोटोत वेणी कपड्यावरच्या टाक्यासारखी वर उठून दिसते. आपल्या सागरवेणीत बाजूचा पेड मधल्या पेडावरून आणतात, म्हणून ती आत दबते. यात पेड खालून आणायचे. प्रत्येक वळणाला खालचे थोडे केस उचलत जायचे, पण चिमटीत मावतील एवढेच. तिसऱ्या दिवशी माझ्या लोडाला बरी दिसणारी वेणी आली.

आता घट्टपणाचं. शाळेत प्रत्येक नव्या मुलीची पहिली साखळी इतकी घट्ट असायची की सुई दुसऱ्यांदा आत जायची नाही. मी ती उसवायला लावायची. मुलींना वाटायचं बाई छळतात. विणकामाचा जोर दोऱ्यात नसतो, सारखेपणात असतो. कपाळालगतची पहिली तीन वळणं अगदी सैल घे, तिथले केस बाळकेस असतात. नंतर सारखा हात ठेव. आणि तिला विचारत जा. मी तुमच्या वेण्या घालताना कधी विचारलं नाही, हे खरं आहे.

मला हे कळव:
केस ओले झाल्यावर आणखी आखडतात की मऊ पडतात? गुंता कुठून सोडवतेस? टोकाकडून सोडव, मुळाकडून नाही, लोकरीचा गुंताही तसाच सुटतो. वरून ओवायचे केस कशाचे असतात? त्याने खाज सुटते का? तेल लावतेस का, आणि किती? त्या सुईला दार आहे ना? सहा आठवड्यांनी हे काढतात कसं?

पोरीचं डोकं कुठल्या बाजूला दुखलं होतं?

मावशी


आंग मो किओ
२३ जून

प्रिय मावशी,

जमलं.

काल सकाळी नऊला सुरुवात केली, मध्ये जेवण, दुपारी अडीचला संपलं. तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. ओले झाले की मऊ पडतात, पण नुसत्या पाण्याने नाही. भरपूर कंडिशनर लावायचं आणि बोटांनी, टोकाकडून वर. कंगवा सर्वांत शेवटी. मग पूर्ण वाळू द्यायचे. वरचे केस प्लास्टिकच्या धाग्याचे असतात, त्यांना कसलासा थर असतो आणि त्याने खाज सुटते. म्हणून ते आदल्या दिवशी व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवले. बादलीत पांढरा तवंग आला. अमानी तो बघत बसली आणि म्हणाली, सूपसारखं दिसतं. तेल दोन थेंब, फक्त वेण्यांमधल्या भांगात. आपण ओततो तसं नाही.

डोकं कानांच्या वर, दोन्ही बाजूंना दुखलं होतं. या वेळी प्रत्येक वेणीला तीनदा विचारलं. सहाव्या वेणीनंतर ती वैतागून म्हणाली, "ओके लाह आत्या, आता दर वेळी नको विचारू, दुखलं तर मी सांगेन." मावशी, हे मला बक्षीसच वाटलं.

दाराची सुई मिळाली. गालिच्याच्या सामानात होती. पातं बंद होताना टिक असा बारीक आवाज येतो, अमानी तो मोजत होती. एकशे चौदा टिक झाले. काढताना वरचे केस गाठीच्या अलीकडे कापतात आणि मग वेणी उसवतात. म्हणजे कात्री लागतेच. ते मात्र ती ममाकडूनच करून घेणार आहे, हे तिने मला दोनदा बजावलं.

तिने विचारलं, तुला हे कोण शिकवतं? मी म्हटलं, माझ्या एक बाई आहेत. "स्ट्रिक्ट, मेह?" म्हणाली. मी हो म्हटलं.

मग वहिनीने व्हिडिओवर पाहिलं. बराच वेळ पोरीला डोकं फिरवायला लावलं. आतल्या वेण्या फार सारख्या आल्या आहेत म्हणाली, आणि कोणी शिकवलं हेही विचारलं. मी यूट्यूब म्हटलं. तेव्हापासून मनाला टोचणी आहे. तुझं नाव सांगायला हवं होतं.

मला एक वाटतं. वहिनीनेही आता ते सोडून द्यावं. उवा कोणत्याही पोराला होतात. तू चुकलीस ती न विचारता केस काढलेस म्हणून, पण उवा होत्या, प्रवासही समोर होता, तुला दुसरं काय सुचणार? ती परत आली की मी तिला हेच समजावून सांगणार आहे. तुझी बाजू कोणीतरी मांडायला हवी.

तुझी
सरिता


चंद्रपूर
२ जुलै

प्रिय सरिता,

माझी बाजू मांडू नकोस. उवा नव्हत्या.

एकही नव्हती. त्या दिवशी मी पोरीचं डोकं मांडीवर घेऊन सगळं पाहिलं होतं, इतकं स्वच्छ डोकं मी माझ्या वर्गात पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पंचवीस माणसं जेवायला येणार होती. कॉलनीतल्या दोघी आदल्या दिवशी बघून गेल्या आणि म्हणाल्या, यशोधराबाई, दोनदा चकोट करा, केस सरळ येतील. आपल्याकडे सगळेच असं म्हणतात, मीही म्हणत आले. मला वाटलं, आपण पोरीचं भलंच करतो आहोत, आणि उद्या कोणी तिच्याकडे टक लावून बघणार नाही. मी सुनेला विचारलं नाही कारण ती नाही म्हणेल हे मला ठाऊक होतं.

संध्याकाळी ती दारात उभी राहिली आणि का म्हणून विचारलं. खरं कारण तिच्या तोंडावर सांगायची मला लाज वाटली. मी म्हटलं, उवा झाल्या होत्या. प्रीतमने ते इंग्रजीत सांगितलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. केस गेल्याचं दुःख तिला होतंच, पण ती गेली ती त्या शब्दाने.

तुला हे कधी सांगितलं नाही. मी पाचवीत असताना आमच्या शिवणाच्या बाई मला वेगळ्या सतरंजीवर बसवायच्या. कारण विचारलं तर सांगायच्या, तुमच्या वस्तीतल्या मुलींना उवा असतात. आई रोज माझं डोकं बारीक फणीने विंचरायची, रडू येईपर्यंत. एकही निघायची नाही. तरी सतरंजी वेगळीच. त्या बाईंपेक्षा चांगलं शिवून दाखवायचं म्हणून मी हा विषय घेतला, आणि एकतीस वर्षं एकाही मुलीला वेगळं बसवलं नाही. आणि मग तोच शब्द मी माझ्या सुनेला ऐकवला, तिच्या लेकराच्या डोक्याबद्दल.

तू विगची थाप मारलीस तेव्हा मी तुला हसले. माझी थाप सहा वर्षं टिकली.

मावशी


आंग मो किओ
७ जुलै

मावशी,

चार दिवस मला लिहिता आलं नाही. राग आला होता आणि अजून आहे. सहा वर्षं मी वहिनीला मनातल्या मनात हट्टी म्हणत आले. एकदा तर तोंडावरही बोलले, उवांचा एवढा काय बाऊ करायचा म्हणून. उवा नव्हत्या हे तिला माहीत होतं आणि मला नव्हतं.

सतरंजीचं वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. तुझ्यासाठीही रडले आणि वहिनीसाठीही. पण सतरंजीने तुझ्या त्या गोष्टीची भरपाई होत नाही, हे तुलाही कळत असेल.

वहिनी सव्वीस तारखेला येते. हे मी सांगणार नाही आणि दादाही सांगणार नाही. तू सांग. ज्याने टाका घातला त्यानेच तो उसवावा. हे तूच वर्गात म्हणायचीस.

सुईबद्दल, हाताबद्दल जे शिकवलंस त्यासाठी मी तुझी ऋणी आहे. अमानीच्या पुटकुळ्या पूर्ण गेल्या.

सरिता


चंद्रपूर
१४ जुलै

प्रिय सरिता,

तुझा राग योग्य आहे. वांजिरूला मी आज स्वतः इंग्रजीत लिहिलं. नऊ वाक्यं झाली, शब्दकोश घेऊन दोन दिवस लागले. उवा नव्हत्या, मी खोटं बोलले, कारण काय ते लिहिलं, आणि माफी मागितली. सतरंजीचं लिहिलं नाही. ते तिला दयेसाठी सांगितल्यासारखं वाटलं असतं. सुई कोणी सांगितली तेही लिहिलं, म्हणजे तुझं यूट्यूब उघडं पडेल. तयारीत राहा.

खालचं पत्र अमानीसाठी आहे. केस तिचे होते, म्हणून तिला वेगळं लिहायला हवं. तिच्या आईने परवानगी दिली तरच वाचून दाखव.

*

अमानी,

मी तुझ्या बाबांची मावशी, म्हणजे तुझी आजी. तू तीन वर्षांची असताना मी तुझे केस काढायला लावले. तुला विचारलं नाही आणि तुझ्या ममालाही विचारलं नाही. तुझे केस घाण नव्हते. त्यांत काही वाईट नव्हतं. ते मला समजत नव्हते, आणि जे समजत नाही ते शिकण्याऐवजी मी कापून टाकलं. शिक्षिकेने असं करायचं नसतं.

आता मी एका लोडाला केस लावून शिकते आहे. लोडाला दुखत नाही, म्हणून तो चांगला शिक्षक नाही. तू तुझ्या आत्याला चांगलं शिकवलंस.

तुला मला काही विचारायचं असेल तर विचार. रागावायचं असेल तरी चालेल.

यशोधरा आजी


बुओना व्हिस्टा
३ ऑगस्ट

डिअर आजी,

मी बोलते आणि आत्या टाइप करते, कारण मला मराठी बोलता येतं पण लिहिताना स्लो होतं. आत्याने काही बदलायचं नाही असं प्रॉमिस केलं आहे.

ममा आली. नैरोबीची चुचू आता काठी घेऊन चालते. चुचू म्हणजे तिकडची आजी. ममाने तुझं तिला आलेलं पत्र इथे परत दोनदा वाचलं आणि मग ती किचनमध्ये भांडी घासत बसली, भांडी क्लीन होती तरी. मी विचारलं, यू अँग्री, आह? ती म्हणाली, हो, अजून आहे, पण आता निदान खऱ्या गोष्टीवर आहे. मग दुसऱ्या दिवशी तिने मला तुझं माझ्यासाठीचं पत्र वाचायला दिलं.

आत्यालाही ओरडा मिळाला यूट्यूबबद्दल. थोडाच.

तुझ्या लोडाचा फोटो पाहिला. मधली वेणी वाकडी आहे, मागे जाताना उजवीकडे पळते. ममा म्हणाली, भांग आधी कंगव्याच्या टोकाने पूर्ण आखून घ्यायचा, मग वेणी. ती म्हणाली की आजींना हे कळव. म्हणून कळवते.

माझे प्रश्न. एक, ते न्हावी काका अजून आहेत का? दोन, माझे केस तेव्हा कुठे टाकले? तीन, तुला तुझ्या शिवणाच्या बाईंचा अजून राग येतो का? आत्याने मला सतरंजीचं सांगितलं. तुझ्यावर दया यावी म्हणून नाही, मी विचारलं की आजी टीचर का झाली, म्हणून. ममाही ऐकत होती. तिने टीव्ही बंद केला.

परवा ममाने माझे आत्यावाले केस काढले. सहा आठवडे झाले होते. आतले केस एकही तुटला नाही, आत्याने मोजून पाहिलं, आता ताणून साडेतेवीस. पोहण्याची स्पर्धा आहे म्हणून ममा पुढच्या वीकेंडला नवीन घालणार. मग नोव्हेंबरच्या सुट्टीआधी पुन्हा. ते काढायची वेळ डिसेंबरात येते.

आजी, काढायला खूप वेळ लागतो. ममा समोरून करते आणि मागचं राहतं, मग तिची पाठ दुखते. दोन माणसं असली तर बरं. डिसेंबरात आम्ही चंद्रपूरला येणार आहोत. ममाने बाबांना तिकिटं बघायला सांगितलं. ती म्हणाली की ती तुझ्या घरी येईल, पण राहायचं की नाही ते तिथे येऊन ठरवेल.

मी ममाला विचारलं आणि ती म्हणाली, डोकं तुझं, तू ठरव. म्हणून मी ठरवलं. मागच्या सगळ्या वेण्या तुझ्या. गाठीच्या अलीकडे कापायचं, आतले केस वाचवून. प्रत्येक वेळी कापायच्या आधी मला विचारायचं, मी म्हटलं की चालेल, तरी विचारायचं.

कात्री मी इथूनच आणेन. तुझ्या हातात मीच देईन.

अमानी